तळे निवळल्याबद्दल खेद

पाणी स्वच्छ होणे ही केवळ एक घटना आहे. पाणी स्वच्छ झाल्याची नोंद होणे ही संस्कृती आहे. घटना काय, कुठेही घडतात. दूध उतू जाते, माणसे म्हातारी होतात, नळ गळतात. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच त्यांना फारशी प्रतिष्ठाही नसते. नोंदीचे तसे नाही. नोंदीला शीर्षक लागते, सहलेखक लागतात, संदर्भसूची लागते, आणि अखेर कोणी वाचू नये म्हणून एक चांगले नियतकालिक लागते.

हे मी अधिकाराने सांगतो. आमच्या संशोधन संस्थेतील अभिलेख मूल्यमापन समितीचा मी सदस्य-सचिव आहे. (सदस्य या नात्याने मी सूचना मांडतो आणि सचिव या नात्याने ती टिपून घेतो. त्यामुळे माझ्या सूचना सहसा हरवत नाहीत.) कोणत्या शास्त्रज्ञाचे काम किती मोलाचे, हे ही समिती ठरवते. समितीत एकही रसायनशास्त्रज्ञ नाही. निःपक्षपातीपणासाठी ते आवश्यक मानले गेले आहे.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा म्हणजे मॅडम. आमच्याकडे मॅडम बऱ्याच आहेत, पण नुसते ‘मॅडम’ म्हटले की त्याच. चष्म्याला दोरी, बोटांवर कशानेही न निघणारे डाग, आणि समोरच्याचे वाक्य पुरे होईपर्यंत गप्प राहण्याची एक विचित्र सवय. या सवयीमुळे समितीपुढे त्यांना बोलण्याची संधी फारशी मिळाली नाही.

संस्थेच्या मागे तळे आहे. तळ्याच्या काठाने कर्मचाऱ्यांच्या इमारती. त्यातल्या एकीत वरच्या मजल्यावर मॅडम, त्यांचे यजमान आणि सासूबाई राहत. त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर मी. यजमानांचे बाजारात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. माणूस अबोल. डोळ्याला भिंग लावून बसण्याची इतकी सवय, की साध्या डोळ्याने पाहतानाही एक डोळा बारीक करून पाही. सासूबाई अबोल नव्हत्या.

तळे जांभळे होते.

थोडेसे, संध्याकाळच्या उजेडात, कवीला वाटावे तसे नव्हे. दौत लवंडावी तसे जांभळे. कावळा त्यात पाय बुडवून उडाला तर कोणत्या गच्चीवर बसला ते मागाहून सांगता येई. वासाबद्दल मी लिहीत नाही, कारण वासाचे प्रमाणित मोजमाप संस्थेने अद्याप स्वीकारलेले नाही. तळ्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या बंद असत, एवढे सांगतो.

हे तळे जांभळे कसे झाले, हे कळण्यासाठी मॅडमच्या संशोधनाच्या पहिल्या भागाकडे वळावे लागते.

पहिला भाग सेंद्रिय रसायनशास्त्राचा. मॅडम तरुण असताना त्यांनी एक जांभळा रंग बनवला. कार्बनची कडी कड्यांत अडकवून, मध्ये नायट्रोजनची गाठ मारून त्यांनी असा काही रेणू उभा केला, की तो उन्हाने विटेना, साबणाने निघेना, आम्लाला तर भीकच घालेना. कापड फाटेल, पण रंग राहील, असे त्या वेळच्या परीक्षकांनी म्हटले होते. मॅडमना पदक मिळाले. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना होता, त्याने रंग उचलला. त्या वर्षी सगळ्या बायका जांभळ्या दिसू लागल्या. जो रंग कापडाला बसला तो दुकानात गेला. जो बसला नाही तो ओढ्यात गेला, आणि ओढ्यातून तळ्यात आला. रंग टिकाऊ आहे हा मॅडमच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष होता. तळ्याने त्याला भक्कम पुष्टी दिली.

मग काळ बदलला. रंग बनवण्याला पैसे मिळेनासे झाले आणि रंग काढण्याला मिळू लागले. संस्थेने तत्परतेने सेंद्रिय रसायन विभागाची पाटी उतरवून तिथे सूक्ष्मजीवीय प्रदूषण-निवारण विभागाची पाटी चढवली. खोल्या त्याच, बाके तीच, कोपऱ्यातला गळका नळही तोच. पण पाटी नवी असल्यामुळे कामाला नवे वळण लागले.

मॅडम गुडघाभर गाळात उतरल्या. तिथे त्यांना अगदी बारीक जीव सापडले. वर्षानुवर्षे जांभळ्यात राहून ते बिचारे जांभळे खायला शिकले होते. मॅडमनी त्यांना प्रयोगशाळेत आणले, काचपात्रात घातले, थोडे गोड दिले, आधी कोंडून ठेवले, मग हवा दिली. पाणी निवळले. मॅडम धावत बाहेर आल्या आणि व्हरांड्यात जो भेटला त्याला ते पात्र दाखवत सुटल्या. भेटलो मी. मी म्हणालो, “अभिनंदन. लिहून काढा.”

त्यांनी लिहून काढले. एकदा लिहिले, दोनदा लिहिले. पात्र मोठे घेऊन लिहिले, लहान घेऊन लिहिले. पाणी कोमट ठेवून, गार ठेवून, हलवून, न हलवता लिहिले. संशोधनाचे दोन्ही भाग एकमेकांना किती पूरक होते हे पाहून समिती थक्क झाली. पहिल्या भागात त्यांनी जे मोडू शकत नाही ते बनवले, दुसऱ्या भागात जे बनवले ते मोडले. दोन्हींचे गुण वेगवेगळे धरले जातात. शिवाय दुसऱ्या भागातला प्रत्येक निबंध ‘हा रंग अत्यंत चिवट असल्याचे सिद्ध झाले आहे’ या वाक्याने सुरू होई, आणि त्या वाक्याखाली संदर्भ म्हणून पहिल्या भागातला निबंध असे. मॅडमचे काम सर्वांत जास्त कोणी वाचले असेल तर मॅडमनीच.

(माहितीसाठी: इतक्या वर्षांत मॅडमनी काचपात्रांतून स्वच्छ केलेले पाणी एकत्र केले तर ते एका बादलीत मावते. त्यावर छापलेले कागद बादलीत मावत नाहीत. पाणी आणि कागद यांचे हे प्रमाण आमच्या क्षेत्रात उत्तम समजले जाते.)

या काळात सासूबाईंचा मात्र एकच प्रश्न असे. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर त्यांचे स्वयंपाकघर, आणि इमारत सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराने बांधलेली, त्यामुळे त्यांच्याकडचे बोलणे मला ऐकायचे नसले तरी नीट ऐकू येई. मॅडम घरी येऊन म्हणत, “आई, पेपर छापून आला.”

“बरं झालं. म्हणजे खिडकी उघडायची का?”

“अजून नाही, आई.”

“मग राहू दे. हात धुऊन ये.”

दरम्यान जांभळ्याची फॅशन गेली. बायका करड्या दिसू लागल्या. करड्या रंगाचे सांडपाणी कारखान्याने टेकडीच्या पलीकडच्या ओढ्यात सोडले, जो दुसऱ्या संस्थेच्या हद्दीत येतो. त्याविषयी मी बोलणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. आमच्या तळ्यात नवा रंग यायचा थांबला. पण जुना कुठे जाणार? तो टिकाऊ होता.

मॅडमचा पाणी निवळण्यावरचा शंभरावा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा संस्थेने सभागृहात त्यांचा सत्कार केला. संचालकांनी भाषण केले. (संचालकांचे शिक्षण धातुशास्त्रातले. भाषणात त्यांनी सूक्ष्मजीवांना तीनदा ‘आपले छोटे सहकारी’ म्हटले आणि चौथ्यांदा ‘आपले छोटे कर्मचारी’.) ते म्हणाले, मॅडमनी शंभर वेळा पाणी स्वच्छ केले आहे. टाळ्या झाल्या. मग संचालकांना कौटुंबिक जिव्हाळ्याची लहर आली आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. ही विनंती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती, हे मी नोंदवून ठेवले आहे.

सासूबाई उठल्या. ध्वनिक्षेपक त्यांनी बाजूला सारला.

“सून हुशार आहे माझी,” त्या म्हणाल्या. “घरातलंही बघते, बाहेरचंही बघते. तुम्ही म्हणता तिनं शंभर वेळा पाणी साफ केलं. केलं असेल, मी कशाला नाही म्हणू? आता एकदा आमच्या खिडकीखालचं करा म्हणावं.”

सभागृह हसले. संचालक सर्वांत मोठ्याने हसले. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात किती गोडवा असतो, असे ते माझ्या कानात म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. हातातले मानचिन्ह त्यांनी मांडीवर पालथे घातले आणि त्याकडे बघत बसल्या.

संध्याकाळी वरून आवाज आले.

“आई, सगळ्यांसमोर असं कशाला बोललात?”

“मग काय एकटीला सांगू? एकटीला सांगून माझे दात पडले.”

“प्रयोगशाळेतलं वेगळं असतं हो. तिथं सगळं माझ्या हातात असतं. इथं एवढं मोठं तळं. रंग तुटला की त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे रंगापेक्षा वाईट असतात. त्यांना लगेच हवा मिळाली तर ते संपतात. नाही मिळाली तर नुसता रंग होता तो बरा म्हणायची पाळी येईल. अर्ध्यात राहिलं तर मी सगळ्यांच्या दारात विष आणून ठेवल्यासारखं होईल.”

“म्हणजे येत नाही असं नाही. भीती वाटते.”

मी आमच्या घरातला पंखासुद्धा बंद केला.

“वाटते,” मॅडम म्हणाल्या. “रंगही मीच केला होता, आई. तेव्हा कुणी विचारलं नाही की याचं पुढं काय होईल. मीसुद्धा नाही विचारलं.”

मग यजमानांचा आवाज आला. तो इतका क्वचित येई की मी आधी कोणी पाहुणा आला असेल असे समजलो.

“हवा किती लागेल?” त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तळे स्वच्छ करण्याच्या परवानगीसाठी रीतसर अर्ज केला. समितीने तो गांभीर्याने घेतला आणि पुढील बाबींवर खुलासा मागितला. तळे हे उपकरण समजायचे की उपभोग्य वस्तू? उपकरण असल्यास त्याची खरेदीची पावती कुठे आहे? सूक्ष्मजीव मूळचे तळ्यातलेच असतील तर त्यांना तळ्यात सोडणे ही नेमणूक ठरते की बदली? आणि तळे स्वच्छ न झाल्यास जबाबदार कोण, हे तर झालेच. परंतु स्वच्छ झाल्यास जबाबदार कोण? हा शेवटचा प्रश्न माझा. पुढे त्याचे महत्त्व सर्वांना पटले.

मॅडमनी खुलासा दिला. समितीने खुलाशाचा खुलासा मागवला. तोवर उन्हाळा आला, पाणी खाली गेले, आणि मॅडम म्हणाल्या की करायचे तर आत्ताच, पाणी कमी आहे तोवर. त्या समितीच्या बैठकीची वाट न पाहता कामाला लागल्या. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या बाईने असे करावे याचे मला आजही आश्चर्य वाटते.

प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत पिंपे उभी राहिली. त्यांत गाळातले जीव वाढू लागले. साखर कारखान्यातून मळी आली. ती त्यांचे खाणे. यजमान दुकान लवकर बंद करून येत आणि कुठून कुठून आणलेले जुने हवेचे पंप उघडून बसत: माशांच्या काचपेट्यांचे, गॅरेजमधले, एक तर दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेला. त्यांचे तुकडे जोडून त्यांनी असे यंत्र केले की ते चालू झाले की साऱ्या कॉलनीला आपापले दात आठवत. भोके पाडलेल्या लांब नळ्या तळ्याच्या तळाशी सोडल्या. वीज काठावरच्या पंपघरातून घेतली. एका सुटीच्या दिवशी, भर सकाळी, मॅडमनी साडीचा पदर खोचून पिंपे तळ्यात ओतली. सासूबाई वरून बंद खिडकीच्या काचेतून पाहत होत्या.

आधी काहीच झाले नाही. मग जांभळ्याचे तपकिरी झाले, आणि वास सुटला.

पूर्वीचा वास आठवून लोक हळहळले. साऱ्या जगातली नासकी अंडी कोणीतरी आपल्याच दारात फोडली आहेत असा तो वास होता. माणसे नाकाला रुमाल लावून काठावर जमली आणि रुमालाआडून मॅडमना वाटेल ते बोलू लागली. कोणी म्हणाले पदव्यांचा माज आहे. कोणी म्हणाले जांभळे होते ते काय वाईट होते, निदान सवयीचे होते. मॅडम पंपांशेजारी उभ्या होत्या. “हवा चालू आहे,” त्या पुनःपुन्हा सांगत होत्या, “हवा चालू आहे तोवर काळजी नाही. थोडे दिवस कळ काढा.”

इतक्यात हवा बंद झाली.

त्याचे असे झाले: इमारत देखभाल अधिकाऱ्यांच्या लक्षात आले की पंपघरातून विनापरवाना वीज घेतली जात आहे. त्यांनी खटका खाली केला आणि पंपघराला कुलूप लावले. नियमाप्रमाणे त्यांनी हे करायलाच हवे होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम धावत माझ्याकडे आल्या. मी जेवून आडवा झालो होतो. त्यांच्या पायांना घोट्यापर्यंत गाळ होता आणि आमचा जिना नुकताच पुसलेला होता, तरी मी काही बोललो नाही.

“साहेब, हवा बंद झालीय,” त्या म्हणाल्या. “रंग तुटलाय. आता या क्षणी ते पाणी सगळ्यांत वाईट आहे. वीज चालू करायला सांगा. तुमच्या एका फोनचं काम आहे.”

“मॅडम, अर्ज प्रलंबित आहे,” मी म्हणालो.

“पाणी प्रलंबित राहत नाही हो!”

इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवलेला मी प्रथमच ऐकला. मी त्यांना समजावले की पुढच्या बैठकीत विषय घेता येईल, ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली. त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. त्या निघून गेल्या.

पुढचे मी गॅलरीतून पाहिले. मॅडम काठावर जाऊन उभ्या राहिल्या. लोक ओरडत होते. त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडले, पण त्यांचे वाक्य कोणी सुरूच होऊ देईना. तेव्हा गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. त्या जिने उतरून खाली कधी आल्या हे कोणाला कळले नव्हते. हातात घरातली कपडे धुवायची लाकडी फळी.

“काय करायचं असतं गं?” त्यांनी सुनेला विचारले. “हवा घालायची म्हणजे नेमकं काय?”

“पाणी... पाणी खळबळलं पाहिजे, आई. वरची हवा खाली जायला हवी.”

“एवढंच ना?” सासूबाई म्हणाल्या आणि गुडघाभर पाण्यात उतरून फळीने पाणी बडवू लागल्या. एक-दोन वेळा बडवून त्या वळल्या. “तुमच्या तोंडाची वाफ तिकडं वाया चाललीय. तेवढ्यात चार हात इकडे मारा. हिनं अर्ध्यावर सोडलं तर वास काही सत्कार करून जाणार नाही.”

आधी यजमान उतरले. मग सासूबाईंच्या बरोबरीची एक आजी उतरली, बहुधा सासूबाई एकट्याच भाव खातील म्हणून. आजीला सावरायला तिचा मुलगा. मग कोणी वल्हे आणले, कोणी खाटेची फळी, कोणी पत्र्याचे झाकण. नाकाला बांधलेले रुमाल तसेच ठेवून माणसे पाणी उपसून पाण्यातच आपटू लागली. पाळ्या लागल्या. घरोघरी जेवणे उशिरा झाली. आमच्या घरातून माझी पत्नी गेली होती, आमचे कपडे वाळत घालायचे स्टँड घेऊन. तिला मी या बाबतीत खासगी व्यक्ती समजतो.

सतत बडवावे लागले. मॅडम काठाकाठाने फिरत होत्या, ओंजळीत पाणी घेऊन पाहत होत्या, “इकडे, इकडे जोरात!” म्हणून ओरडत होत्या. कुणाला हाताला फोड आले, कुणाचा खांदा आखडला. पण थांबतो असे कोणी म्हणेना. मघाशी सर्वांत जास्त शिव्या देणारे गृहस्थ तर पाळी संपली तरी बाहेर येईनात.

दुसऱ्या दिवशी वीज आली. ती समितीमुळे आली असे म्हणणे मला आवडले असते. वस्तुतः संचालकांच्या बंगल्याच्या टाकीचा पंपही त्याच खटक्यावर होता, आणि संचालक डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत असताना पाणी गेले. कुलूप तातडीने उघडण्यात आले. यजमानांचे यंत्र पुन्हा सुरू झाले आणि सगळ्यांना आपापले दात आठवले.

त्यानंतर तपकिरी रंग फिका होत गेला. एके सकाळी मॅडमनी पाण्यात हात घातला आणि तो बाहेर काढायला त्या विसरल्या. त्यांना आपली बोटे दिसत होती. मॅडम तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या. मी गॅलरीतून पाहत होतो, पण त्यांना ते माहीत नसल्यामुळे संकोचाचा प्रश्न आला नाही. वर सासूबाईंनी खिडकीला आतून दणके देऊन ती उघडली. इतक्या वर्षांनी उघडताना एका काचेचा चुरा झाला. “असू दे,” सासूबाई वरून म्हणाल्या, “आता काच लागतेय कुणाला?”

कॉलनीत आठवडाभर सगळे एकमेकांशी विनाकारण चांगले वागत होते.

समितीची बैठक त्यानंतर झाली. समितीपुढचा प्रश्न सोपा नव्हता. मॅडमच्या अभिलेखात या तळ्याची नोंद कशी घ्यावी? बारकाईने विचार केल्यावर असे दिसले, की ती घेताच येत नाही. एक तर या प्रयोगाला तुलनेसाठी जोडी नव्हती. म्हणजे शेजारी तसेच दुसरे तळे घाण ठेवलेले नव्हते. दुसरे, यात नवे काही नव्हते, कारण असे केल्यास पाणी स्वच्छ होते हे मॅडमनीच आधी शंभर वेळा लिहिले होते. तिसरे, प्रयोगात अर्हता नसलेल्या व्यक्तींनी भाग घेतला होता, आणि त्यांतल्या एकीने फळी वापरली होती.

इतक्यावर भागले असते. पण तळ्याच्या जांभळ्या पाण्यावर संस्थेत आणखी पाच प्रकल्प चालू होते. त्या प्रकल्पांच्या प्रमुखांनी लेखी तक्रार केली की त्यांना आता नमुनेच मिळत नाहीत. एकाचे तर मोठे अनुदान मंजूर झाले होते, विषय ‘तळे स्वच्छ करता येईल काय?’. आणि सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की मॅडमचे स्वतःचे शंभर निबंध आता कोणालाही ताडून पाहता येणार नव्हते, कारण ते ज्या पाण्यावर आधारलेले होते ते पाणी अस्तित्वात नव्हते. ज्याची पडताळणी होऊ शकत नाही ते शास्त्र नव्हे. समितीने जड अंतःकरणाने त्यांच्या अभिलेखाचा दुसरा भाग स्थगित केला. पहिला भाग, म्हणजे रंग बनवण्याचा, निर्विवाद असल्यामुळे तसाच ठेवला.

मॅडमना बोलावून हे सांगण्यात आले. संचालक फार सौम्य शब्दांत बोलले. “तुमच्या हेतूबद्दल कुणाला शंका नाही, मॅडम. पण संस्थेचं नुकसान झालं ते झालंच. आम्ही एक मार्ग काढलाय. मागच्या बागेत एक टाकी बांधू, संदर्भासाठी. तुम्ही तेवढी ती जांभळी करून द्या. तो रंग तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. प्रकल्प तुमच्या नावावर, आणि पदोन्नतीही त्यातच बसवून टाकू.”

मॅडमनी त्यांचे वाक्य पुरे होऊ दिले. मग विचारले, “सर, तुम्ही तळ्यावर गेला होता का? आता, गेल्या काही दिवसांत?”

“अहवाल वाचलाय मी.”

“अहवालात काय आहे?”

“सचिव लिहिताहेत अजून.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मग मी निघते. टाकीचं मला जमणार नाही. एकदा केला तो रंग, पुरे झाला.”

त्यांनी नोकरी सोडली. संचालकांना वाटले त्या रागावल्या असतील, पण जिन्यात भेटल्या तेव्हा त्या मला चांगल्याच उत्साहात दिसल्या. टेकडीच्या पलीकडून चार-पाच बायका त्यांच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याकडचे पाणी करडे होते.

“कारखाना चालू आहे का?” मॅडमनी त्यांना विचारले.

“चालू आहे की. रोज सोडतात.”

“मग आधी कारखान्यात जाऊ. वरून ओतणं बंद झाल्याशिवाय खालून उपसून उपयोग नाही.”

“ते ऐकतील का हो, बाई?”

“माझं ऐकणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या, “पण माझ्या सासूबाई येताहेत बरोबर.”

टेंपोत पिंपे, नळ्या आणि ते दातांचे यंत्र चढले. यजमानांनी दुकान भाच्याच्या हवाली केले. सासूबाई चालकाशेजारी बसल्या आणि टेंपो वळेपर्यंत चालकाला सूचना देत राहिल्या. तिकडे त्यांनी कारखान्याच्या फाटकात खुर्ची टाकून ठाण मांडल्याचे आणि मालकाच्या आईशी त्यांची गट्टी जमल्याचे कानावर आले. आता नवे पाणी सोडणे थांबले आहे म्हणतात. यातले काहीच छापून आलेले नसल्यामुळे मी त्यावर मत देऊ शकत नाही.

आमच्याकडे टाकी बांधून झाली. ती साध्या दुकानी रंगाने जांभळी केली आहे. तो रंग उन्हात उडतो, म्हणून दरवर्षी नवा ओतावा लागतो. त्यासाठी कायमची तरतूद आहे. ओतल्यावर जे वाहून जाते ते उताराने तळ्याकडे जाते, पण प्रमाण मर्यादेत आहे.

तळ्याचा अहवाल मी पूर्ण केला, आणि त्याचा पुढे शोधनिबंध झाला. विषय: बंदिस्त जलाशयांचे आपोआप निवळणे. माझा हा पहिलाच निबंध. तो चांगलाच गाजला, संदर्भासाठी बऱ्याच ठिकाणी घेतला गेला, आणि पाणी आपोआप निवळत असल्यामुळे काही करण्याची गरज नाही, या निष्कर्षाचे अनेक कारखान्यांनी मनापासून स्वागत केले. पत्नीने तो वाचून विचारले, “आणि माझ्या हाताला फोड आले ते कुठं लिहिलेत?” मी तिला तळटीप दाखवली. ‘निरीक्षणाच्या काळात काठावरील रहिवाशांनी पाणी काही वेळ ढवळल्याचे आढळले, त्याचा परिणाम नगण्य धरला आहे.’ तेव्हापासून ती संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसते आणि जेवण मलाच वाढून घ्यावे लागते.

इथवर वाचताना तुम्ही आमच्या समितीला हसला असाल. हरकत नाही, आम्हीही इतर समित्यांना हसतो. नोंदीपुरता फक्त एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरामागून जे पाणी वाहते, त्याचा आजचा रंग कोणता? आठवून सांगू नका; आठवणीतला जुना असतो. उठून खिडकी उघडण्याचीही तसदी घेऊ नका, बाहेर वास असेल. दूषित पाण्याविषयी तुम्ही सलग इतका वेळ वाचलेत, मध्येमध्ये मानही हलवलीत. आमच्या पद्धतीप्रमाणे एवढा सहभाग भरपूर झाला. पुढच्या निबंधात तुमचे नाव मी सहलेखक म्हणून घातले आहे.